बायोडेटातून गळालेली हळद

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची, आता पुण्यात धायरीला राहते. २०१३ ला शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. झाले. चार वर्षं सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात होते. मग मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात पावणेतीन वर्षं हिशेब बघितले. मार्च २०२० मध्ये काम सोडलं. मुलगी लहान होती, पाठोपाठ सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. गेल्या वर्षी ते गेले आणि आम्ही इकडे आलो. आता मुलगी शाळेत जाते म्हणून अकाउंट्समध्ये नोकरी शोधतेय. तीन महिन्यांत साठेक ठिकाणी अर्ज केले. दोन फोन आले, दोघांनी गॅप ऐकून "कळवतो" म्हटलं.

बायोडेटा आमच्या इथल्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतलाय, सोबत जोडते. अडत दुकानाचं काम त्यात घातलं नाही. पुण्यातल्या कंपन्यांना ते गावठी वाटेल असं मिस्टर म्हणाले. तसं तिथे फार काही नव्हतंच. सीझनला दिवसाला चाळीस-पन्नास पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचे हिशेब, काढायच्या, बँकेचा मेळ घालायचा. एकदा परपेठच्या एका व्यापाऱ्याचे १ लाख ८२ हजार दोनदा जमा धरले गेले होते ते मी शोधलं होतं, तेव्हा शेठ खूश झाले होते. सध्या काहीच करत नाही, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब तेवढा एक्सेलमध्ये ठेवते, खजिनदार काकांना जमत नाही म्हणून.

मैत्रीण म्हणते गॅपमध्ये फ्रीलान्स अकाउंटिंग केलं असं लिहून टाक. आणि कव्हरिंग लेटरमध्ये नक्की काय लिहायचं असतं? भोसरीच्या एका कंपनीची जाहिरात जोडलीय, तिथे अर्ज करायचाय.

— एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार. मी तुमचं पत्र आधी वाचलं आणि बायोडेटा नंतर उघडला, हे बरं झालं. उलटं झालं असतं तर त्या दोन फोनवाल्यांसारखं मीही "कळवतो" म्हटलं असतं.

पत्रातली बाई मला लगेच कामावर घ्यावीशी वाटली. दिवसाला पन्नास पट्ट्या काढणारी, मेळ घालताना १ लाख ८२ हजारांची चूक पकडणारी. बायोडेटातली बाई मात्र कोण आहे तेच कळत नाही. ती "हार्डवर्किंग" आहे, "टीम प्लेअर" आहे, तिला "चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट"मध्ये काम करून "ऑर्गनायझेशनच्या ग्रोथ"ला हातभार लावायचाय. वाचन आणि संगीत ऐकणं हे तिचे छंद आहेत. शेवटी तिने वरील सर्व माहिती खरी असल्याचं जाहीर केलंय आणि खाली तारखेची जागा कोरी सोडलीय. मी एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात वीस वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं अर्जांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर यायचा. ही बाई मला हजार वेळा भेटलेली आहे.

झेरॉक्सवाल्यावर राग नाही माझा. त्याच्याकडे एक साचा आहे, त्यात तो नाव बदलतो. आधी लग्नाचे बायोडेटे करून त्याचा हात बसलेला, म्हणून तुमच्याही कागदावर वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म सगळं आलंय. रास-नाडी तेवढी राहिली. हे सगळं काढा. आधार नंबरसुद्धा घातलाय त्याने, तो तर आजच्या आज काढा. साठ अनोळखी ठिकाणी आधार नंबर वाटणं धोक्याचं आहे. नोकरी लागली की पॅन-आधार एचआर मागून घेतंच. डाव्या बाजूच्या निळ्या पट्टीत "टॅली ९० टक्के, एक्सेल ८० टक्के, कम्युनिकेशन ८५ टक्के" असे रंगवलेले दांडे आहेत तेही काढा. टॅली नव्वद टक्के येतं म्हणजे काय? उरलेले दहा टक्के जीएसटीचे का?

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या लक्षात आली नसेल. बायोडेटावर पत्ता सांगलीचा आहे! वर्षभर तुम्ही धायरीत राहताय. पुण्यातली एचआरची मुलगी दिवसभर अर्ज चाळत असते. तिला सांगलीचा पत्ता दिसला की ती "रिलोकेट होणार, घर शोधणार, दोन महिन्यांनी जाणार" असा हिशेब मनात करते आणि पुढचा अर्ज उघडते. तुमच्या साठातल्या किती अर्जांना गॅप नडली आणि किती अर्जांना हा पत्ता नडला, सांगता येणार नाही. वर फक्त "धायरी, पुणे" एवढं पुरे. घर नंबर, पिनकोड, "च्या मागे, च्या जवळ" नको. ईमेल मिस्टरांचा आहे, तो बदलून स्वतःच्या नावाचा काढा. मुलाखतीचा निरोप त्यांच्या ऑफिसच्या पन्नास मेलांत बुडून जाईल, आणि तो वेळेवर दिसलाच तरी उत्तर कुणी द्यायचं यात संध्याकाळ जाईल.

आता हळदीकडे येते.

मिस्टरांना गावठी वाटलं, कारण त्यांनी अडत दुकान बाहेरून पाहिलंय: पोती, धूळ, गादीवर बसलेले शेठ. तुम्ही आतून पाहिलंय. जरा मला सांगा, पट्टी म्हणजे काय? शेतकऱ्याच्या मालाचा सौदा झाला, वजन आलं, दर ठरला. वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई आणि असतील त्या कपाती वजा करून शेतकऱ्याच्या हातात जाणारी रक्कम. ती चुकली तर शेतकरी समोर उभा असतो, उद्या मेल करतो म्हणून सुटका नाही. असे पन्नास शेतकरी एका दिवसात. दुसऱ्या बाजूला माल उचललेले व्यापारी, ज्यांचे पैसे आठवड्याने, पंधरा दिवसांनी, तुकड्या-तुकड्यांत येतात. त्या सगळ्याचा बँकेशी मेळ. कंपनीच्या भाषेत हे व्हेंडर पेमेंट, डेटर्स लेजर आणि बँक रिकन्सिलिएशन आहे. भोसरीच्या जाहिरातीत हेच शब्द आहेत. तुम्ही जोडलेला कागद पुन्हा वाचून बघा: टॅली प्राइम, जीएसटी रिटर्नची तयारी, बँक रिकन्सिलिएशन, व्हेंडर पेमेंट, दोन ते पाच वर्षांचा अनुभव. चारातली दोन कामं तुम्ही अडत दुकानात रोज करत होतात आणि नेमकं तेच दुकान तुम्ही बायोडेटातून गाळलंत.

शिवाय तारखा बघा. २०१७ च्या मध्यावर तुम्ही तिथे गेलात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. म्हणजे जुन्या व्हॅटची घडी मोडून नवी बसवण्याच्या दिवसांत तुम्ही त्या टेबलावर होतात. ती वर्षं ज्यांनी अकाउंट्समध्ये काढली त्यांना विचारा, पोर्टल चालत नव्हतं, मुदती रोज बदलत होत्या आणि शेठ विचारत होते "भरलं का?" हे तुम्ही निभावलंय आणि पत्रात त्याचा शब्द नाही. तुम्हाला ते काम वाटलंच नाही, कारण सगळेच करत होते.

आता लिहायचं कसं. इंग्रजीत सुरुवात करू नका. इंग्रजीत सुरू केलं की हात आपोआप "रिस्पॉन्सिबल फॉर ऑल अकाउंटिंग वर्क्स" लिहितो, आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. वही घ्या. तुमच्या जागी उद्या एखादी नवी मुलगी येणार आहे आणि तिला तुम्ही काम समजावून सांगताय असं धरून मराठीत लिहा. "मी पट्टी काढायचे. मी रोज संध्याकाळी बँकेचं स्टेटमेंट काढून टॅलीशी जुळवायचे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विक्रीची यादी तयार करून सीएंकडे पाठवायचे." प्रत्येक वाक्यात "मी" आणि क्रियापद. मग प्रत्येक वाक्यापुढे किती, कितींदा, कशात ते लिहा. आकडा आठवत नसेल तर अंदाजे लिहा आणि "सुमारे" म्हणा, पण मुलाखतीत विचारलं तर हा अंदाज कसा काढला ते सांगता आलं पाहिजे. सीएंच्या ऑफिसात किती क्लायंट सांभाळत होतात ते तुम्ही मलाही सांगितलेलं नाही. मोजा. हे झालं की मग इंग्रजी करा, "मी" काढून टाका, क्रियापद पुढे घ्या.

तुमच्या त्या १ लाख ८२ हजारांचंच उदाहरण घेऊ. पत्रात तुम्ही ते "एकदा" म्हणून एका वाक्यात उरकलंय. मला उत्सुकता होती म्हणून मी त्यावर थांबून विचार केला. एकच रक्कम दोनदा जमा कशी धरली जाते? बहुतेक असं झालं असणार: व्यापाऱ्याने फोनवर "पैसे टाकलेत" सांगितलं, दुकानात कुणीतरी नोंद केली, मग बँकेत एनईएफटी दिसली, तेव्हा दुसऱ्याने पुन्हा नोंद केली. खात्यावर व्यापारी निल दिसतोय, प्रत्यक्षात त्याच्याकडे १ लाख ८२ हजार येणे आहेत. तुम्ही बँकेचा मेळ घातला नसता तर ते येणं कुणी मागितलंच नसतं. तुमच्या बाबतीत नेमकं कसं घडलं ते तुम्हीच जाणता. जसं घडलं तसं लिहा. पण बायोडेटात ती ओळ अशी येईल: "बँकेचा मेळ घालताना एका खरेदीदाराची ₹१,८२,००० ची जमा दोनदा नोंदली गेल्याचं शोधून येणं वसूल करून दिलं." वसुली तुम्ही केली नसेल तर "वसूल करून दिलं" काढा, शोधलं एवढंच ठेवा. तेवढंही पुष्कळ आहे. व्यापाऱ्याचं नाव नको, शेठचा धंद्याचा आकडा नको. जुन्या मालकाच्या वहीतलं बाहेर सांगणारी बाई नव्या मालकाला नको असते.

अनुभवात अडत दुकान वर येईल, सीएंचं ऑफिस खाली, कारण अलीकडचं काम आधी. "अडत" हा शब्द एचआरला कळणार नाही अशी धास्ती असेल तर दुकानाच्या नावाखाली एका ओळीत सांगा: शेतमालाचे कमिशन एजंट, हळद, सांगली मार्केट यार्ड. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची पेठ देशभर ओळखली जाते. त्या पेठेचं नाव लपवण्यासारखं नाही. बी.कॉम. एका ओळीत. दहावी-बारावीचे टक्के आता नकोत. सगळं मिळून एक पान. सहा-सात वर्षांच्या अनुभवाला दुसरं पान लागत नाही, आणि लागतंय असं वाटलं तर काहीतरी दोनदा लिहिलं गेलंय.

गॅप. मैत्रिणीचं ऐकू नका. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवू, व्यवहाराचं बोलते. फ्रीलान्स लिहिलंत की समोरचा विचारणार, कोणते क्लायंट? रिटर्न कोणतं भरलंत, मंथली की क्वार्टर्ली? अकाउंट्सवाला माणूस हे कुतूहलाने विचारतो, संशयाने नव्हे, आणि तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही अडकाल. मग तुमच्या खऱ्या सात वर्षांवरही त्याचा विश्वास राहत नाही. मी असे उमेदवार पाहिलेत, त्यातल्या एक-दोघी कामाला खरोखर चांगल्या असाव्यात असं मला आजही वाटतं.

गॅपची ओळ बायोडेटात इतर नोकऱ्यांसारखीच, तारखांसह येऊ द्या. "एप्रिल २०२० पासून: कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीत खंड. आता पूर्णवेळ उपलब्ध." एवढंच. सासऱ्यांचा आजार कागदावर लिहू नका. विचारलं तर तोंडी दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. आपल्याकडे बायकांना गॅपबद्दल विचारलं की आपण माफी मागितल्यासारखं बोलत सुटतो. घरातल्या आजारी माणसाचं पाच वर्षं केलं, यात माफी कसली?

आणि त्या ओळीखाली सोसायटीचा हिशेब. "सध्या काहीच करत नाही" असं लिहून लगेच पुढच्या वाक्यात तुम्ही एक काम सांगताय! किती फ्लॅट, कशाकशाची वसुली, थकबाकीची यादी कोण काढतं, ते लिहा आणि स्पष्ट "विनामोबदला" लिहा. खोट्या फ्रीलान्सपेक्षा हे खरं काम कितीतरी भारी आहे, आणि खजिनदार काका फोनवर तुमच्याबद्दल चार शब्द आनंदाने सांगतील. त्यांना आधी विचारून ठेवा म्हणजे झालं.

पण गॅपची खरी अडचण पाच वर्षं ही नाहीच. समोरच्याला भीती असते ती पाच वर्षांत जे बदललं ते हिला माहीत नसण्याची. अकाउंट्समध्ये ही भीती रास्त आहे. तुम्ही मार्च २०२० मध्ये टेबल सोडलंत तेव्हा टॅली ईआरपी नाइन होतं. टॅली प्राइम त्याच वर्षी नोव्हेंबरात आलं, मेनू सगळा वेगळा. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट जुळवायला तुम्ही जीएसटी पोर्टलवरचा टू-ए हा तक्ता बघत होतात, तो रोज बदलायचा. ऑगस्ट २०२० पासून टू-बी आला, तो महिन्याला एकदा बनतो, टू-एसारखा रोज बदलत नाही, आता जुळवणी त्याच्याशी. वर्षाला पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कुणी कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहिलाच पाहिजे, गुपचूप एंट्री दुरुस्त करण्याचे दिवस संपले. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ चे टप्पे जाऊन बहुतेक माल ५ किंवा १८ मध्ये आला. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, म्हणजे पाठ झालेली टीडीएसची कलमं पुन्हा पाठ करायची.

घाबरू नका, हे दोन आठवड्यांचं काम आहे. टॅली प्राइम एज्युकेशन मोडमध्ये फुकट उतरवता येतं. त्यात ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, सरावाला तेवढं पुरतं. सोसायटीचा एक महिना त्यात घालून बघा.

एक गोष्ट मात्र नीट शिकून घ्या, कारण ती भोसरीच्या जाहिरातीत दडलेली आहे. "व्हेंडर पेमेंट" म्हटलंय. मशीनचे सुटे भाग बनवणारी कंपनी, म्हणजे तिचे बरेच व्हेंडर आजूबाजूच्या शेडमधले छोटे जॉबवर्कवाले असणार. नियम असा की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत टळली आणि वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. मार्चअखेर अशी बिलं अंगावर राहिली की कंपनीचा कर वाढतो. म्हणून आता अकाउंट्समध्ये कुणीतरी हे बघावं लागतं की कोणता व्हेंडर सूक्ष्म-लघुमध्ये नोंदलेला आहे, त्याचा उद्यम नोंदणीचा नंबर आपल्याकडे आहे का, त्याच्या बिलाला किती दिवस झाले. शेतकऱ्याची पट्टी वेळेत चुकती करणाऱ्या बाईला हे काम अवघड नाही. जाहिरात देणाऱ्याला मात्र तुम्ही हे आपणहून बोललात तर कान टवकारावेसे वाटतील.

इथे कव्हरिंग लेटरची गरज लागते. बायोडेटा सांगतो तुम्ही काय काय केलंत. पत्रात तुम्ही त्यातलं या माणसाच्या उपयोगाचं काय ते उचलून दाखवता. म्हणून एक पत्र साठ ठिकाणी चालत नाही. माझंच सांगते. १९९८ साली मी अकरा अर्ज एका बैठकीत टाइप केले. मजकूर एकच, फक्त कंपनीचं नाव बदलायचं. एका तारांच्या कारखान्याला "आपल्या प्रतिष्ठित औषधनिर्मिती कंपनीत सेवा करण्याची संधी" मागितली. तिथल्या अकाउंट्स ऑफिसरनी मला बोलावलं, चहा पाजला, पत्र समोर ठेवलं आणि विचारलं, "गोळ्या कुठल्या बनवू?" नोकरी अर्थातच दिली नाही.

हल्ली लोक चॅटजीपीटीकडून पत्र लिहून घेतात. इंग्रजी तपासून घ्यायला जरूर वापरा. पण मजकूर त्याच्यावर सोपवलात तर तो पुन्हा झेरॉक्सवाल्याचा साचाच देतो, फक्त इंग्रजी जास्त गुळगुळीत. त्याला तुमच्या पट्ट्या माहीत नाहीत.

पत्र वेगळ्या फाइलमध्ये जोडू नका, मेलमध्येच लिहा. जोडलेलं पत्र कुणी उघडत नाही. विषयाच्या जागी पदाचं नाव, तुमचं नाव, "धायरी, पुणे". जाहिरातीत संपर्काचं नाव असेल तर त्या नावाने, नसेल तर साधं "सर/मॅडम". "रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू युअर एस्टीम्ड" हे शाळेत शिकवलेलं विसरा. मी मराठीत नमुना देते, इंग्रजी तुम्ही करा:

"सर/मॅडम,

अकाउंट्स असिस्टंट या जागेसाठी अर्ज करत आहे. बी.कॉम. आहे, अकाउंट्सचा सुमारे पावणेसात वर्षांचा अनुभव आहे. त्यातली चार वर्षं सीए ऑफिसात आणि पावणेतीन वर्षं सांगलीतल्या हळदीच्या कमिशन एजंटकडे.

तिथे हंगामात रोज ४० ते ५० शेतकऱ्यांचे हिशेब आणि पेमेंट तयार करणं, खरेदीदारांची येणी सांभाळणं आणि बँक रिकन्सिलिएशन ही कामं मी पाहत होते. रिकन्सिलिएशन करताना ₹१,८२,००० ची दुबार नोंद शोधली होती. जीएसटी सुरू झाला तेव्हा दुकानाची रिटर्नसाठीची माहिती मीच तयार करत असे.

२०२० पासून कौटुंबिक कारणाने नोकरीत खंड होता, आता पूर्णवेळ काम करू शकते. या काळातले बदल मी अभ्यासले आहेत: टॅली प्राइम, टू-बीशी जुळवणी, ई-इन्व्हॉइस, आणि सूक्ष्म-लघु व्हेंडरांच्या बिलांची ४५ दिवसांची मर्यादा. आपल्या जाहिरातीतल्या व्हेंडर पेमेंटच्या कामात याचा थेट उपयोग होईल असं वाटतं.

धायरीत राहते, भोसरीला येण्या-जाण्याची व्यवस्था आहे. बायोडेटा जोडला आहे. आपल्या सोयीने भेटायला येऊ शकेन."

बस. खाली नाव आणि फोन. यात "हार्डवर्किंग" कुठे नाही, तरी वाचणाऱ्याला ते कळतं. "मी अभ्यासले आहेत" हे वाक्य मात्र खरोखर अभ्यास झाल्यावरच ठेवा. जाहिरातीची मुदत आधी संपत असेल तर जे येतं तेवढंच लिहा आणि पुढे "बाकीचं शिकते आहे" म्हणा. जीएसटीच्या वाक्याचंही तेच. तुम्ही माहिती तयार करत होतात असं मी गृहीत धरलंय, नसेल तर काढा. आणि धायरी ते भोसरी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. व्यवस्था आहे असं लिहिण्याआधी एकदा सकाळी आठला निघून, ऑफिसच्या वेळेला तिथे पोचून बघा. मुलीची शाळा किती वाजता सुटते आणि तिला कोण घेणार, हेही घरात ठरवा. मुलाखतीत विचारतील. विचारू नये खरं तर, पुरुषांना कुणी विचारत नाही. पण विचारतात, आणि तेव्हा उत्तर तयार हवं. सिंहगड रोड, नांदेड फाटा, नऱ्हे या पट्ट्यातही लहान कारखाने आणि सीएंची ऑफिसं भरपूर आहेत. भोसरीला अर्ज जरूर करा, पण तिकडेही पाठवत राहा.

फाइलचं थोडं. झेरॉक्सवाल्याने तुम्हाला छापील कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो पीडीएफ करून दिलाय. माणूस तो वाचू शकतो, पण नोकरी डॉट कॉमसारख्या साइटवर आणि मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्याला फोटोतली अक्षरं दिसतीलच असं नाही, निळ्या पट्टीतली दोन कॉलमची मांडणी तर त्याचा गोंधळच उडवते. वर्डमध्ये एका कॉलमात साधं टाइप करा आणि तिथूनच पीडीएफ करा. जाहिरातीतले शब्द, बँक रिकन्सिलिएशन, व्हेंडर पेमेंट, तसेच्या तसे वापरा, जिथे तुम्ही ते काम खरंच केलंय तिथे. फाइलचं नाव सध्या "न्यू बायोडेटा फायनल २" आहे. ते बदलून तुमचं नाव आणि पद ठेवा. नोकरीआधी रजिस्ट्रेशन, किट, ट्रेनिंग असल्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

साठ अर्जांऐवजी आठवड्याला दोन-तीनच करा. प्रत्येकाची जाहिरात दोनदा वाचून, पत्राचा मधला परिच्छेद त्या जाहिरातीसाठी नव्याने लिहून. कुणाला कधी काय पाठवलं त्याची एक्सेल ठेवा, तुम्हाला ते सांगायला नको. आठ-दहा दिवस उत्तर नाही आलं तर एक छोटा मेल, नंतर सोडून द्या.

शेवटचं एक काम राहिलं. अडत दुकानाकडून तुम्ही अनुभवाचं पत्र घेतलेलं दिसत नाही. शेठना फोन करा. लेटरहेडवर कधीपासून कधीपर्यंत, काय काम, एवढंच लिहून मागा. मजकूर तुम्हीच टाइप करून पाठवा, ते सही-शिक्का करून देतील. पुढे कुणी चौकशीचा फोन केला तर चालेल का, तेही विचारून घ्या. फक्त सकाळी सौदे चालू असताना फोन करू नका.